कर्जाचा अर्ज भरण्याआधी आपला क्रेडिट रिपोर्ट स्वतः वाचा: पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्यांसाठी

मे २०२४ मध्ये आम्ही साताऱ्यात एक फ्लॅट पसंत केला. बिल्डरला टोकन दिलं, गृहकर्जाचा अर्ज भरला, पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, बँकेचं स्टेटमेंट, सगळं जोडलं. बाराव्या दिवशी बँकेतून फोन आला, "मॅडम, तुमचं सिबिल बसत नाही. ६४८ आहे." कशामुळे, असं विचारलं तर उत्तर आलं, "ते आम्हाला सांगता येत नाही. तुम्ही रिपोर्ट काढून बघा."

मी नोकरीला लागल्यापासून एकही हप्ता चुकवला नव्हता. खरं तर माझ्या नावावर कर्जच नव्हतं, असं मला वाटत होतं. रिपोर्ट काढला तेव्हा त्यात दोन गोष्टी निघाल्या. पगाराचं खातं उघडताना गळ्यात मारलेलं आणि कधी पाकिटातूनही न काढलेलं एक क्रेडिट कार्ड, आणि चुलतभावाच्या टेम्पोच्या कर्जाला मी दिलेला जामीन. हे निस्तरेपर्यंत तो फ्लॅट हातातून गेला. त्या सहा महिन्यांत जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे. तुम्ही घरासाठी, गाडीसाठी किंवा मुलांच्या शिक्षणासाठी पहिल्यांदा कर्ज काढणार असाल, तर टोकन देण्याआधी हे वाचा.

सुरू करण्याआधी हाताशी ठेवा

- पॅन कार्ड आणि आधार
- आधी वापरलेले सगळे मोबाइल नंबर आणि ईमेल, निदान आठवून लिहून ठेवलेले
- जुने पत्ते, विशेषतः माहेरचा किंवा भाड्याच्या घराचा
- फेडलेल्या कर्जांचे बेबाकी दाखले, म्हणजेच नो ड्यूज सर्टिफिकेट
- नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद
- एक वही. कोणत्या तारखेला कोणाला काय कळवलं, तक्रार क्रमांक काय, हे तिच्यात लिहायचं. ही वही पुढे फार कामाला येते.

१. सिबिल, स्कोअर आणि रिपोर्ट यांत गल्लत करू नका

आपण सगळे "माझं सिबिल किती?" असं विचारतो. सिबिल हे एका कंपनीचं नाव आहे. ती २००० साली सुरू झाली आणि आज ट्रान्सयुनियन सिबिल या नावाने ओळखली जाते. भारतात अशा चार कंपन्या आहेत: सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. त्या २००५ च्या क्रेडिट इन्फर्मेशन कंपन्यांच्या कायद्याखाली आणि रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीत चालतात. बँका, नागरी सहकारी बँका, फायनान्स कंपन्या आपल्या प्रत्येक कर्जाची आणि कार्डाची माहिती या कंपन्यांना पाठवतात. जानेवारी २०२५ पासून ही माहिती महिन्यातून निदान दोनदा जायला हवी, असा नियम आहे.

या सगळ्या माहितीचं जे पुस्तक तयार होतं तो रिपोर्ट. त्या पुस्तकावरून ३०० ते ९०० च्या दरम्यान काढलेला एक आकडा म्हणजे स्कोअर. चारही कंपन्यांची आकडा काढण्याची रीत वेगळी असते, त्यामुळे एकाच माणसाचा स्कोअर एकीकडे ७४० आणि दुसरीकडे ७६५ निघाला तर घाबरू नका.

लोक आकड्याच्या मागे लागतात, मीही लागले होते. पण आकडा तुम्हाला दुरुस्त करता येत नाही, रिपोर्टातली नोंद दुरुस्त करता येते. डॉक्टर ताप किती हे बघतो आणि मग औषध कशावर द्यायचं ते शोधतो, तसंच हे आहे. म्हणून पुढचं सगळं रिपोर्टाबद्दल आहे.

७५० च्या वर स्कोअर असला की बहुतेक बँका खुशीने कर्ज देतात. पण रिझर्व्ह बँकेने कर्जासाठी कोणताही किमान स्कोअर ठरवून दिलेला नाही, तो प्रत्येक बँकेचा आपापला हिशेब असतो. स्कोअर कमी असेल तर कर्ज नाकारलं जातं, किंवा मिळालं तरी महाग मिळतं. ३० लाखांचं २० वर्षांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता सुमारे २६,०३५ रुपये पडतो. तेच नऊ टक्क्यांनी घेतलं तर सुमारे २६,९९२. महिन्याला साडेनऊशे रुपये किरकोळ वाटतात, पण २० वर्षांत ते २ लाख ३० हजारांच्या आसपास जातात.

२. चारही रिपोर्ट मागवा, फुकट

जानेवारी २०१७ पासून प्रत्येक कंपनीला वर्षातून एकदा, जानेवारी ते डिसेंबर या हिशेबाने, तुमचा पूर्ण रिपोर्ट स्कोअरसकट फुकट द्यावा लागतो. चार कंपन्या, म्हणजे वर्षाला चार रिपोर्ट. कंपनीच्या अधिकृत वेबसाइटवर जाऊन पॅन, जन्मतारीख आणि मोबाइल नंबर टाकला, ओटीपी भरला की रिपोर्ट पीडीएफमध्ये मिळतो. मला सिबिलचा दहा मिनिटांत मिळाला. एका ठिकाणी जुना मोबाइल नंबर आड आला, तिथे ओळखपत्र अपलोड करावं लागलं आणि तीन दिवस गेले.

इथे दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं, वेबसाइटवर सगळ्यात मोठं बटण बहुधा पैसे भरून घ्यायच्या योजनेचं असतं: महिनाभर, सहा महिने, वर्षभर. वार्षिक मोफत रिपोर्टाची लिंक त्याच पानावर असते, ती शोधा. दुसरं, "फुकट सिबिल बघा" म्हणणारी असंख्य ॲप्स आहेत. त्यांना परवानगी दिली की त्याच संध्याकाळपासून पर्सनल लोनचे फोन सुरू होतात. आपलं काम कंपनीच्या स्वतःच्या दारातून होत असताना या आडवाटेने जाऊ नका.

स्वतःचा रिपोर्ट बघितला की स्कोअर घसरतो, असं मला एका सहकाऱ्याने ठामपणे सांगितलं होतं. तसं होत नाही. बँकेने कर्जाच्या अर्जासाठी चौकशी केली तर तिची नोंद मोजली जाते, तुम्ही स्वतः केलेली मोजली जात नाही. दर तीन महिन्यांनी एका कंपनीचा मागवला तर वर्षभर फुकटात लक्ष राहतं.

आणखी एक हक्क फार कमी लोकांना माहीत आहे. तुमचा अर्ज बँकेकडे असेल आणि बँकेने तुमचा रिपोर्ट मागवला असेल, तर २००५ च्या कायद्याच्या कलम २१ प्रमाणे त्या रिपोर्टाची प्रत तुम्ही बँकेकडेच मागू शकता. मला फोनवर "सांगता येत नाही" म्हटलं गेलं तेव्हा हे ठाऊक असतं, तर मी दुसऱ्याच दिवशी लेखी अर्ज दिला असता.

३. रिपोर्ट ओळीओळीने वाचा

रिपोर्ट इंग्रजीत असतो आणि पहिल्या नजरेला धडकी भरवतो. प्रिंट काढा, पेन्सिल घ्या आणि एका वेळी एकच भाग वाचा.

वैयक्तिक माहितीपासून सुरुवात करा. नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ते, फोन. आपल्याकडे घोळ होतो तो इथेच. आपली नावं तीन पदरी असतात, मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि इंग्रजीत स्पेलिंग ज्याला जसं सुचेल तसं. माझं पॅन माहेरच्या नावाने होतं, नोकरीतली कागदपत्रं सासरच्या नावाने. एका कंपनीकडे मी दोन वेगळ्या माणसांसारखी नोंदले गेले होते. उलटही होतं: सारखं नाव आणि जवळची जन्मतारीख असलेल्या दुसऱ्याच कोणाचं तरी कर्ज आपल्या पानावर येऊन बसतं. ओळखीचा नसलेला पत्ता किंवा फोन दिसला की तिथे खूण करा.

मग खाती येतात. प्रत्येक कर्जाला आणि कार्डाला एक चौकट असते. तिच्यात हे बघा:

- कर्ज कोणाचं: एकट्याचं, संयुक्त की जामीनदार म्हणून
- कधी घेतलं, कधी बंद झालं
- मंजूर रक्कम, आजची बाकी आणि थकबाकी
- माहिती शेवटची कधी कळवली ती तारीख

शेवटची तारीख महत्त्वाची आहे. माझ्या एका मैत्रिणीने स्कूटरचं कर्ज २०२१ मध्ये फेडलं होतं, पण फायनान्स कंपनीने शेवटचा हप्ता कळवलाच नव्हता. रिपोर्टात ते कर्ज तीन वर्षं उघडं आणि ४,२०० रुपये बाकी असं दिसत होतं.

"शून्य टक्के हप्ता" म्हणून दुकानात घेतलेला फ्रिज किंवा मोबाइलही इथे कर्ज म्हणूनच दिसतो. सोनेतारण कर्ज, पीककर्ज, बचत गटासारखा गट करून मिळालेलं मायक्रोफायनान्सचं कर्ज, सगळं इथे येतं. भिशी येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीबाहेरच्या पतसंस्थेचं कर्ज बहुतेक वेळा येत नाही. म्हणजे गावातल्या पतसंस्थेत तुमची पत कितीही चांगली असो, राष्ट्रीयीकृत बँकेला ती दिसेलच असं नाही.

खात्याखाली महिन्यांचा एक तक्ता असतो, साधारण मागच्या ३६ महिन्यांचा. या तक्त्याला डीपीडी म्हणतात, म्हणजे हप्त्याच्या तारखेनंतर किती दिवस उलटले. कर्ज देणारा अधिकारी स्कोअरनंतर सगळ्यात आधी बघतो तो हाच. तीन शून्यं किंवा एसटीडी ही अक्षरं म्हणजे सगळं वेळेत. ०३० म्हणजे तीस दिवस उशीर. एक्स तीनदा असेल तर त्या महिन्याची माहितीच आलेली नाही, त्यात तुमचा दोष नाही. एसएमए म्हणजे खातं बिघडायला लागलंय. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज, होतं आणि एसयूबी दिसतं. डीबीटी आणि एलएसएस ही त्यापुढची पायरी.

खात्याची स्थिती सांगणारे शब्दही शोधा. "क्लोज्ड" चांगला. "सेटल्ड" (तडजोडीने मिटवलेलं) आणि "रिटन ऑफ" (बँकेने बुडीत धरलेलं) वाईट. माझ्या त्या कार्डासमोर "रिटन ऑफ" होतं. रक्कम १४,६५० रुपये. २०१८ साली आकारलेली वार्षिक फी १,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे १,१८० रुपये. मी लग्न होऊन साताऱ्याला आले, बिलं इस्लामपूरला माहेरी जात राहिली, आईने ती जाहिरात समजून टपालाच्या गठ्ठ्यात ठेवली. व्याज आणि दंड चढत गेला आणि २०२० मध्ये बँकेने ते बुडीत दाखवलं.

रिपोर्टाच्या शेवटी चौकशांची यादी असते: कोणत्या बँकेने, कधी, कशासाठी तुमचा रिपोर्ट बघितला. तुम्ही ज्या संस्थेकडे कधी गेलाच नाहीत तिचं नाव दिसलं तर सावध व्हा. तुमच्या पॅनवर कोणीतरी कर्ज काढायच्या खटपटीत असू शकतं. हल्ली कोणी रिपोर्ट मागवला की एसएमएस किंवा ईमेल यायला हवा, म्हणून चालू नंबर तिथे नोंदलेला असणं गरजेचं आहे. खरंच तुमच्या नावाने दुसऱ्याने कर्ज उचललं असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा, पोलिसात लेखी तक्रार द्या आणि तिची प्रत पुढच्या प्रत्येक पत्राला जोडा.

४. जामीन राहिला असाल तर हा भाग दोनदा वाचा

आपल्याकडे जामीन राहणं हा नात्याचा व्यवहार आहे. भाऊ येतो, म्हणतो, "ताई, फक्त तुझी सही लागते, हप्ते मी भरणार आहे." नाही म्हटलं तर घरात तोंड दाखवता येत नाही. मीही सही केली. माझा भाऊ लबाड नाही. पण २०२३ च्या पावसाळ्यानंतर त्याचं भाडं बंद पडलं आणि चार महिने हप्ते मागेपुढे झाले. नागरी सहकारी बँकेने नोटीस पाठवली, तीही माझ्या जुन्या पत्त्यावर. माझ्या रिपोर्टात ऑक्टोबर २०२३ च्या चौकटीत ०६० दिसत होतं.

कायदा इथे अगदी स्पष्ट आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. बँकेने आधी कर्जदाराकडे जावं आणि मगच तुमच्याकडे यावं, असं नाही. म्हणून ती सही म्हणजे तुमच्या नावावरचं कर्जच समजा.

सही केलेलीच असेल तर एवढं करा. बँकेत जाऊन जामीनदार म्हणून तुमचा आजचा पत्ता आणि मोबाइल नोंदवा आणि पोच घ्या. दर तिमाहीला कर्जखात्याचा उतारा मागा. भावाला राग येईल असं वाटलं तर त्याला रिपोर्टाची प्रिंट दाखवा. मी दाखवली. तो बराच वेळ गप्प बसला आणि पुढच्या आठवड्यात त्याने सगळी थकबाकी भरली. तोवर ती सही किती जड आहे हे त्यालाही माहीत नव्हतं.

जामिनातून बाहेर पडायचं असेल तर तोंडी निरोप चालत नाही. बँक दुसरा जामीनदार किंवा तारण स्वीकारून तुम्हाला लेखी मोकळं करत नाही तोवर तुम्ही बांधलेलेच. नवऱ्याच्या गृहकर्जात सहकर्जदार असलेल्या बायकांसाठीही हेच. वेगळं राहायला लागलात किंवा घटस्फोट झाला म्हणून सहकर्जदाराचं नाव आपोआप निघत नाही.

५. चूक दुरुस्त करून घ्या

आधी वेगळं काढा, चूक कोणती आणि खरी थकबाकी कोणती. भावाच्या कर्जाचे ते उशीर खरे होते. खरी नोंद कोणीही पुसू शकत नाही. कार्डाची नोंद मात्र चूक होती, कारण मी ते कार्ड कधी चालूच केलं नव्हतं. चालू न केलेल्या नव्या कार्डाची माहिती या कंपन्यांना कळवायची नाही, असं रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे कार्डांचे नियम सांगतात. माझं कार्ड त्याआधीचं होतं, तरी तक्रारीत मी याच तत्त्वाचा आधार घेतला.

तक्रार दोन्हीकडे एकाच दिवशी करा. रिपोर्ट बनवणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवर "डिस्प्यूट" नावाची सोय असते. रिपोर्टावरचा कंट्रोल नंबर टाकून नेमकी कोणती ओळ चुकली ते निवडायचं. आणि ज्या बँकेने ती माहिती पाठवली तिला लेखी अर्ज द्यायचा. कंपनी स्वतःहून नोंद बदलत नाही, ती बँकेला विचारते आणि बँक हो म्हणाली तरच बदलते. म्हणून खरा रेटा बँकेकडे लावायचा.

अर्जात भावनेला जागा नको. मी पहिलं पत्र दीड पानी लिहिलं होतं, त्यात माझा मनस्तापच जास्त होता. दुसरं सहा ओळींचं होतं: खाते क्रमांक, रिपोर्टाची तारीख, कोणती नोंद चूक, का चूक, काय दुरुस्ती हवी, आणि एक मागणी. "हे कार्ड मी कोणत्या तारखेला आणि कशा प्रकारे चालू केलं, याचा पुरावा द्यावा." त्या एका ओळीने काम झालं.

आता मुदतीचं बघा. तक्रार केल्यापासून ३० दिवसांत निकाल लागायला हवा. त्यातले २१ दिवस बँकेने सुधारित माहिती पाठवायला असतात. ३० दिवस उलटले तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळते. हा नियम ऑक्टोबर २०२३ मध्ये आला आणि २६ एप्रिल २०२४ पासून लागू झाला. माझ्या बँकेने अठराव्या दिवशी "नोंद बरोबर आहे" असं एका वाक्याचं उत्तर पाठवलं. मी नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे बँकेतल्या तक्रारी बघणाऱ्या वरच्या अधिकाऱ्याला, लिहिलं, पुराव्याची मागणी पुन्हा केली, वहीतल्या तारखा जोडल्या. ४१ व्या दिवशी नोंद निघाली आणि खात्यात ११ दिवसांचे १,१०० रुपये जमा झाले. पैसे थोडे होते, पण चूक मान्य झाली याचं मला फार बरं वाटलं.

३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. सप्टेंबर २०२२ पासून या चार कंपन्याही लोकपालाच्या कक्षेत आहेत. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या वेबसाइटवर ऑनलाइन करता येते, फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. आधी बँकेकडे लेखी तक्रार केल्याचा पुरावा मात्र लागतो. तुमची वही इथे कामाला येते.

एक इशारा. "सिबिल क्लीन करून देतो, ८०० करून देतो" अशा जाहिराती साताऱ्यातल्या एसटी स्टँडच्या भिंतीवरही दिसतात. हे लोक १५-२० हजार घेतात आणि वर सांगितलेली तक्रारच तुमच्या नावाने करतात. खरी नोंद त्यांनाही पुसता येत नाही. शिवाय त्यांच्या हाती तुमचा पॅन, आधार आणि ओटीपी जातो, ते नुकसान वेगळंच.

६. थकबाकी खरी असेल तर

वसुलीचा माणूस फोन करून म्हणतो, "८० हजार बाकी आहेत, ३० हजार भरा, विषय संपवून टाकू." अडचणीत असलेल्या माणसाला हा मोठा दिलासा वाटतो. पण असं केलं की रिपोर्टात "सेटल्ड" असं लिहिलं जातं. पुढच्या बँकेला त्याचा अर्थ लागतो, या माणसाने पूर्ण पैसे दिलेले नाहीत. या कंपन्या माहिती किमान सात वर्षं जपून ठेवतात. शक्य असेल तर हप्ते पाडून घ्या, मुदत मागा, पण पूर्ण रक्कम भरून खातं "क्लोज्ड" करून घ्या. खरोखरच पर्याय नसेल तर तडजोड करायला हरकत नाही, पोटाला चिमटा काढायलाही मर्यादा असते. फक्त परिणाम माहीत असू द्या, पत्र आधी हातात घ्या आणि पैसे मग भरा. आधी तडजोड झालेली असेल तर उरलेली रक्कम भरून नोंद बदलून द्याल का, असं बँकेला लेखी विचारा. बऱ्याच बँका तयार होतात.

एखादा हप्ता चुकला तर तो भरल्यानंतरचे वेळेवर भरलेले महिने हेच औषध. भावाने थकबाकी भरल्यावर आणि कार्डाची नोंद निघाल्यावर माझा स्कोअर ६४८ वरून नोव्हेंबरात ७३१ झाला. एका रात्रीत काहीही बदललं नाही.

७. रिपोर्ट कोरा असेल तर

कर्ज किंवा कार्ड कधीच घेतलं नसेल तर स्कोअरच्या जागी आकडा येत नाही. ही वाईट नोंद नव्हे. केवळ पूर्वीचा इतिहास नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना कळवलेलं आहे. तरीही गृहकर्जाच्या वर्षभर आधी काहीतरी इतिहास असलेला बरा. मुदत ठेवीवर मिळणारं क्रेडिट कार्ड हा मला सगळ्यात सुरक्षित मार्ग वाटतो. १५-२० हजारांची ठेव ठेवायची, कार्डावर फक्त विजेचं बिल किंवा किराणा भरायचा आणि महिन्याला पूर्ण बिल चुकवायचं. इतिहास तयार व्हावा म्हणून गरज नसताना कर्ज काढून व्याज भरू नका.

८. अर्जाआधीचे सहा महिने

कार्डाची मर्यादा एक लाख असेल तर महिन्याला ३० हजारांच्या आत खर्च ठेवा. पूर्ण बिल वेळेत भरत असलात तरी मर्यादेच्या टोकाला गेलेलं कार्ड चांगलं दिसत नाही. "किमान देय रक्कम" भरल्याने रिपोर्ट स्वच्छ राहतो, पण उरलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्के किंवा त्याहूनही जास्त व्याज लागू शकतं, वर्षाला ते ४२ टक्क्यांच्या घरात किंवा वर जातं. एखाद दिवस उशीर झाला तर लगेच हाय खाऊ नका: देय तारखेनंतर तीन दिवसांहून जास्त झाले तरच कार्ड कंपनी ते खातं थकीत म्हणून कळवू शकते.

न वापरलेलं कार्ड बंद करायचं असेल तर लेखी किंवा ॲपवरून विनंती करा. बाकी शून्य असेल तर सात कामाच्या दिवसांत ते बंद व्हायला हवं, नाहीतर दिवसाला ५०० रुपये दंड तुम्हाला मिळतो. सगळ्यात जुनं, फी नसलेलं कार्ड मात्र राहू द्या, त्याच्यामुळे तुमचा इतिहास लांब दिसतो.

चार बँकांत एकदम अर्ज टाकू नका. दर विचारायला जा, पण "आधी अर्ज भरा, मग बघू" म्हणणाऱ्याला पॅन देऊ नका. एजंट लोक एकाच कागदपत्रांवर पाच ठिकाणी अर्ज टाकतात आणि पाच चौकशा तुमच्या पानावर बसतात. महिन्याभरात पाच ठिकाणी कर्ज मागणारा माणूस अडचणीत आहे, असाच अर्थ निघतो.

पीककर्ज घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. मे २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी पीककर्जासाठी सिबिलचा आग्रह धरू नका, असं बँकांना बजावलं होतं. शाखेत अडवणूक झाली तर याची आठवण करून द्या आणि नकार लेखी मागा.

९. कर्ज फिटलं की सगळीकडच्या नोंदी बंद करून घ्या

शेवटचा हप्ता भरला की आपण पेढे वाटतो आणि विसरून जातो. बँकेतून बेबाकी दाखला घ्या. घर किंवा जमीन तारण असेल तर मूळ कागद ३० दिवसांत परत मिळायला हवेत, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे, डिसेंबर २०२३ पासून. सातबाऱ्यावर बोजा चढवलेला असेल तर बँकेचं पत्र घेऊन तलाठ्याकडे तो कमी करून घ्या. वाहन असेल तर आरसीवरची बँकेची नोंद फॉर्म ३५ भरून आरटीओतून काढा. आणि दोन महिन्यांनी रिपोर्ट मागवून त्या खात्यासमोर "क्लोज्ड" आणि बाकी शून्य आली का ते बघा. माझ्या भावाच्या टेम्पोचा शेवटचा हप्ता येत्या मार्चमध्ये आहे. मे महिन्यात आम्ही दोघं आपापले रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून बघणार आहोत.